करारातला दुसरा पक्ष

मुळेजी,

तुमच्या तेराव्याला मी आले होते. जिन्याजवळ एक खुर्ची रिकामी होती, तिथं बसले. तुमची मुलगी पाणी घेऊन आली आणि अदबीनं म्हणाली, "काकू, माफ करा, ओळखलं नाही. आपण बाबांच्या...?"

 मी नात्यातली नाही, गल्लीतली नाही, तुमच्या कंपनीतलीही नाही. शेवटी म्हणाले, "मी युनिव्हर्सिटीत शिकवते. आमचं एकत्र काम असायचं."

"अच्छा, ऑफिसचं."

"हो. ऑफिसचंच."

ती पुढच्या माणसाकडे वळली. तिचं काही चुकलं नाही. इतक्या वर्षांत तुम्ही मला कधी घरी बोलावलं नाहीत, मीही तुम्हाला बोलावलं नाही. आपण भेटायचो ते माझ्या विभागात, तुमच्या कारखान्यात, नाहीतर सांवेरच्या रस्त्यावर गाडीत. आपली ओळख एका करारातून झाली आणि करारातच राहिली. विद्यापीठ हा पहिला पक्ष, तुमची सोयाबीनची कंपनी हा दुसरा पक्ष, आणि शेवटच्या पानावर समन्वयक म्हणून एका बाजूला माझं नाव, दुसऱ्या बाजूला तुमचं. पुढं पुढं तुम्ही फोनवर तसंच सांगायला लागलात. "मॅडम, दुसरा पक्ष बोलतोय."

विद्यापीठाच्या पत्रिकेत तुमच्यावर काही येणार नाही, कारण तुम्ही आमच्यातले नव्हतात. कंपनीच्या पत्रिकेतही येणार नाही, कारण तुम्ही त्यांच्यातले राहिला नव्हतात. मला कुणी लिहायला सांगितलेलं नाही. मी बसलेय एवढंच.

आपल्या पहिल्या भेटीवर आपलं कधी एकमत झालं नाही. तुम्ही म्हणायचात, मी चिडले होते. मी म्हणायचे, मी नुसती दमले होते. विद्यापीठात उद्योजकांचा मेळावा होता. पडद्यावर आमची 'संशोधनाची बलस्थानं' एकामागून एक सरकत होती आणि खाली बसलेले उद्योजक चहाची वाट बघत होते. मी अन्नतंत्रज्ञानाची, म्हणून सोयाबीनवर बोलले. बोलणं संपल्यावर मागच्या रांगेतून एक बुटके, टक्कल पडलेले गृहस्थ उठले.

"मैडम, ये सब तो बढ़िया है. पर मेरी माँ सोयाबीन का दूध नी पीती. बोलती है, बास आती है. उसका कुछ कर सकते हो क्या?"

सभागृह हसलं. व्यासपीठही हसलं. मी म्हणाले, "कर सकते हैं. टाइम लगेगा."

"कित्ता?"

"वो करके ही पता चलेगा."

तुम्ही मान डोलावून खाली बसलात. मला वाटलं, प्रश्न संपला. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही विभागाच्या दारात उभे होतात, हातात सोयाबीनची पिशवी. दारावरची पाटी वाचलीत आणि मराठीत सुरू झालात. "मॅडम, तुम्ही मराठी आहात हे पहले सांगायचं ना. मी उगीच हिंदी झाडली."

मी परभणीची. तुमचं ते मराठी ऐकून मला हसू आवरेना. तुम्हीही हसलात. "आजोबा मिलमध्ये क्लर्क म्हणून आले, तेव्हापासून आम्ही परदेशीपुऱ्यात. आमच्या मराठीला मालव्याची माती लागलीय. तुमचं म्हणजे एकदम रेडिओवरच्या बातम्या." मग टेबलावर पिशवी ठेवून म्हणालात, "बताओ, सुरू कधी करायचं?"

मी म्हणाले, आधी करार. तो करार होईपर्यंत सांवेरला एक पीक निघून दुसरं उभं राहिलं. आमचा विधी विभाग, तुमचा वकील, पुन्हा आमचा विधी विभाग. तुम्ही दर आठवड्याला फोन करायचात आणि मी दर आठवड्याला तेच सांगायचे. शेवटी सह्या झाल्या, दोन्हीकडच्या वरिष्ठांनी फायली छातीशी धरून फोटो काढले. असे फोटो आमच्या प्रशासकीय इमारतीच्या जिन्यात रांगेनं लावलेले आहेत. फोटो निघाला की बहुतेक करार झोपी जातात. आपला जागा राहिला तो तुमच्यामुळे. तुम्ही कुणाला झोपू देत नव्हतात.

त्या करारात एक कलम होतं. कंपनीच्या लेखी परवानगीशिवाय निष्कर्ष प्रसिद्ध करता येणार नाहीत. मी बोट ठेवलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "सगळीकडे असतं मॅडम, फॉर्मेटच तसा येतो." आमच्या विधी विभागानंही हेच सांगितलं. दोघांनी सही केली.

काम माझ्या संशोधक विद्यार्थिनीकडं, सपनाकडं दिलं. सांवेरजवळच्या एका गावातून ती रोज बसनं यायची, घरची शेती सोयाबीनचीच. दाणा दळला की आतल्या तेलावर एक क्रिया होते आणि क्षणात तो कच्चा, हिरवट वास उठतो. दळण्याआधी दाण्याला वाफ द्यावी तर वास जातो, पण वाफ जरा जास्त झाली की प्रथिनं आखडतात आणि दूध पाणचट, रवाळ निघतं. या दोन चुकांच्या मधली चिंचोळी वाट तिला शोधायची होती. ती सकाळी वाफ द्यायची, दुपारी दळायची, संध्याकाळी वास घ्यायची. तुम्ही येऊन तिच्या मागं उभे राहायचात.

"तुम्ही लोक एकच गोष्ट दहा वेळा का करता?"

"दहाव्या वेळी वेगळं आलं तर?" मी म्हणायचे.

"आम्ही एकदाच करतो. दुसऱ्यांदा करायला साहेब देत नाही."

हा वाद आपला कायमचा. तुम्हाला वाटायचं, विद्यापीठाला वेळेची किंमत नाही. मला वाटायचं, कारखान्याला खात्रीची किंमत नाही. चहा गार होईपर्यंत आपण भांडायचो, मग तुम्ही गार चहाच पिऊन टाकायचात. खरं तर मला त्या भांडणाची वाट बघायची सवय लागली होती. विभागात बाकी कुणी माझ्याशी कामाबद्दल भांडत नव्हतं. सगळे फक्त बैठकांची वेळ विचारायचे.

प्रयोगशाळेतलं दूध जमलं त्या दिवशी तुम्ही रिक्षा करून आईंना घेऊन आलात. निवृत्त शिक्षिका, कडक इस्त्रीची सुती साडी. सपनानं पेला पुढं केला. आईंनी आधी वास घेतला, मग एक घोट घेतला, मग तपासलेली वही परत करावी तसा पेला टेबलावर ठेवला.

"वास नाहीये," त्या म्हणाल्या. "पण चव पण नाहीये. हे पिणार कोण?"

"आई, पहिले वास तर गेला ना."

"वास गेला. आता राहिलं काय, ते सांग."

सपना तोंडावर ओढणी धरून बाहेर पळाली. तुम्ही माझ्याकडं बघितलंत, आणि तुमच्या चेहऱ्यावरचं ते अपमान आणि अभिमान यांचं मिश्रण मी अजून विसरले नाही. मग आपण चवीवरही काम केलं.

पण खरं काम पुढं होतं, आणि ते तुमचं होतं. मी हे तुम्हाला तोंडावर सांगितलं होतं, आताही सांगते. आमचं भांडं घरातल्या पातेल्याएवढं. तुमच्या कारखान्यातल्या पात्रात तीच वाफ, तेवढाच वेळ दिला तर कडेच्या दाण्यांचा लगदा आणि मधले दाणे कच्चे. वास परत आला. आठवडाभर पात्र उत्पादनाला लागायचं, म्हणून तुम्ही रविवार मागून घेतलेत. तुमच्याबरोबर बॉयलरवरचा रमेश आणि पात्रावरचे तिघं. त्यांना त्या रविवारची सुट्टी दुसऱ्या दिवशी मिळायची, तुम्हाला तीही नाही.

मी आकडेमोड करून वाफेचा दाब बदलायला सांगत राहिले. तुम्ही करून बघत राहिलात. एकदा तुम्ही रागावून म्हणालात, "मॅडम, दाब नाही, थर बदलू. जाड थरच नको." मी म्हणाले, पातळ थर म्हणजे एका वेळी माल कमी, कंपनी मानणार नाही. तुम्ही ऐकलं नाहीत. परदेशीपुऱ्यातल्या एका ओळखीच्या वर्कशॉपमधून जाळीचे ट्रे बनवून आणलेत, एकावर एक रचलेत, प्रत्येकावर दाण्यांचा बोटभर थर. मग कुठला ट्रे वर, कुठला खाली, मध्ये किती जागा, हे सगळं तुम्ही तुम्हाला कधी न सोसणाऱ्या पद्धतीनं केलंत, म्हणजे एकच गोष्ट पुन्हा पुन्हा.

ज्या रविवारी ते जमलं, त्या दुपारी मी आणि सपना तिथं होतो. दूध गाळून स्टीलच्या पेल्यांत ओतलं. वास नाही, रवा नाही. रमेश दोन पेले प्यायला. मला वाटलं, तुम्ही आता काहीतरी बोलाल. तुम्ही तुमचा पेला नळाखाली धुतलात, पालथा घातलात आणि म्हणालात, "चला, बॉयलर बंद करा. बिल येतं."

मग कंपनीची वरची माणसं बदलली. ती बातमी तुम्ही फोनवर दिली नाहीत, माझ्या खोलीत येऊन बसलात. 

"वरून बंद झालं, मॅडम."

"पण जमलंय ना आता."

"जमलंय म्हणूनच बंद केलं असं नाही. दूध विकायला दुकान लागतं, फ्रीज लागतो, जाहिरात लागते. पेंड विकायला नुसता ट्रक पुरतो."

मला ते समजलं. आजही समजतं. कारखाना तोट्यात चालवा असं मी कुणाला सांगू शकत नाही. पण सपनाचा प्रबंध त्याच कामावर उभा होता आणि कलम तिथंच होतं. आम्ही परवानगी मागितली. उत्तर आलं नाही. पुन्हा मागितली. उत्तर आलं, की सध्या शक्य नाही. कंपनीला ते दूध बनवायचं नव्हतं, आणि दुसऱ्या कुणी बनवावं हेही नको होतं. आमच्या कार्यालयात विचारलं तर म्हणाले, भागीदार दुखावेल असं काही लिहू नका. सपनाचे वडील एकदा तिला सोडायला आले होते, मला म्हणाले, "मैडमजी, छोरी सोयाबीन पे पढ़ री है के सोयाबीन उगा री है? इत्ता टाइम तो फसल बी नी ले." ते विनोदानं म्हणाले. सपना हसली नाही.

त्यानंतर तुम्ही आलात तेव्हा मी बोलले. "तुम्ही एका मुलीची उमेदीची वर्षं गोदामात नेऊन ठेवलीत."

"मी?"

"तुमच्या कंपनीनं."

"सही दोघांची आहे, मॅडम."

तुम्ही उठलात. चहा आला होता, त्या दिवशी तो गारही प्यायला नाहीत. खूप दिवस तुमचा फोन नाही. मीही केला नाही. मला राग होता आणि मी बरोबर होते असं मला वाटत होतं, पण तुम्हीही बरोबर होतात, आणि दोन बरोबर माणसांना एकमेकांना फोन करायला कारण सापडत नाही.

मग एका दुपारी फोन. "दुसरा पक्ष बोलतोय." परवानगीचं पत्र निघालं होतं. अटी अशा, की फक्त प्रयोगशाळेतला भाग छापायचा. कारखान्यातल्या कामाचा उल्लेख नको. कंपनीचं नाव नको, कंपनीच्या कुणाही माणसाचं नाव नको.

"म्हणजे तुमचं," मी म्हणाले.

"हओ. मीपण माणूसच आहे कंपनीचा."

"ट्रेचं काम पूर्ण तुमचं आहे, मुळेजी."

"मुलीचं काम होऊ द्या पहिले."

हे पत्र कसं निघालं, ते तुम्ही सांगितलं नाहीत. नंतर गाडीत, सांवेर रस्त्याला, हवापाण्याबद्दल बोलावं तसं सांगितलंत, की तुमची बदली झालीय. संशोधन विभागातून कोंबडीखाद्याच्या कारखान्यात. वारंवार वर जाऊन तोच कागद मागणारा माणूस कुणालाच समोर नको असतो. मी विचारलं, आमच्यामुळे झालं का. तुम्ही म्हणालात, "छे. आता मी कोंबड्यांचा साहेब. त्या मीटिंग घेत नाहीत. आराम आहे." आणि ड्रायव्हरला म्हणालात, "भिया, एसी जरा कम कर."  पण तुम्ही मला आधी विचारायला हवं होतं, असं मला तेव्हा वाटलं आणि अजून वाटतं. विद्यापीठानं स्वतःच्या नावानं उभं राहून मागायची ती गोष्ट होती. दोन संस्थांनी करार केला आणि तो निभवायची पाळी आली तेव्हा एका माणसानं स्वतःची खुर्ची दिली. याला भागीदारी म्हणायचं मला जड जातं.

सपनाच्या तोंडी परीक्षेला तुम्ही आलात. मागच्या रांगेत, पहिल्या दिवसासारखेच. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी शेवटी विचारलं, "मोठ्या प्रमाणावर हे करून पाहिलं आहे का?" सपनानं माझ्याकडं बघितलं. मग तुमच्याकडं. मग म्हणाली, "सर, इस बारे में मैं अभी कुछ नहीं बता सकती." परीक्षकांनी वहीत काहीतरी टिपलं. मी मागं वळून पाहिलं. तुम्ही मान खाली घालून चष्मा पुसत होतात. तो चष्मा तुम्ही खूप वेळ पुसलात.

बाहेर तिच्या वडिलांनी पेढे वाटले. तुम्हाला पेढा देताना विचारलं, "साब, आप बी इधर पढ़ाते हो?"

"नहीं जी. मैं तो मुर्गियों में हूँ."

त्या वर्षी आमच्या पुस्तिकेत बलस्थानांच्या पानावर सपनाच्या कामाचा परिच्छेद आला, शेजारी फायली छातीशी धरलेला तो जुना फोटो. फोटोत तुम्ही कडेला होतात, छापताना कापले गेलात. मी ती पुस्तिका तुम्हाला दाखवली नाही. तुम्हीच कुठूनतरी मिळवलीत आणि म्हणालात, "फोटो मस्त आलाय. आपण दोघं बचलो." मीही कापले गेले होते.

तुम्ही निवृत्त झालात, कराराची मुदत संपली, गोपनीयतेचीही संपली. सपना इथल्या एका कॉलेजात शिकवायला लागली होती. तिच्या गावाकडच्या बायकांच्या गटाला छोटा प्रकल्प घालायचा होता, तिनं तुम्हाला फोन केला आणि तुम्ही जायला लागलात. पुन्हा ट्रे, पुन्हा बोटभर थर. प्रकल्प चालतो, म्हणजे बंद पडलेला नाही. एका वसतिगृहात आणि थोड्या दुकानांत दूध जातं. लाइट जाते तेव्हा माल टाकून द्यावा लागतो. आपण मोठ्या गप्पा मारल्या होत्या, त्यातलं हे एवढं हाती लागलं. तुम्हाला त्याचं वाईट वाटत नव्हतं. मला वाटत होतं, आणि तुम्हाला वाटत नाही याचाही कधी कधी राग यायचा.

तिथल्या नोंदींवरून मी दुसरा लेख लिहायला घेतला, ट्रेच्या कामाचा. लेखक म्हणून सपना, तुम्ही आणि मी. तुम्हाला गाडीत सांगितलं, वाटलं, खूश व्हाल.

"माझं नाव काढा," तुम्ही म्हणालात.

"आता कंपनी अडवू शकत नाही."

"कंपनीचं नाही. रमेश होता, ते तिघं होते. रविवार त्यांचेपण गेले. त्यांचं टाकणार?"

"लेखक म्हणून नाही टाकता येत. त्यांनी तुम्ही सांगितलं ते केलं. विचार तुमचा होता."

"मग सोचनेवाल्याचंच नाव असतं का, मॅडम?"

"लेखात तसंच असतं. बाकीच्यांचे आभार मानतात."

"आभार म्हणजे पंगतीबाहेर बसवणं."

"मुळेजी, तुमचं नाव एकदा खोडलं गेलंय. पुन्हा मी माझ्या हातानं खोडू का?"

 बाहेर कापणीनंतरची मोकळी शेतं होती. तिकडं बघत तुम्ही म्हणालात, "एकट्याचं आलं तर त्यांना तोंड कसं दाखवू? रमेश माझ्या गल्लीत राहतो."

दुसऱ्यांदा विचारलं तेव्हाही नाहीच म्हणालात. तिसऱ्यांदा फोन केला तेव्हा तुमचा आवाज खोल गेलेला होता. खोकला आहे, म्हणालात. नावाचं काय, विचारलं, तर म्हणालात, "बघू मॅडम. ठीक झालो की बसून बोलू. होऊन जाईल." खोकला नव्हता, हे मला सपनाकडून कळलं, आणि कळलं तोवर बसून बोलायला काही राहिलं नव्हतं.

मी पुष्कळ दिवस लेख उघडला नाही. विभागात नवीन करारांची घाई चाललीय, पोर्टलवर भागीदारांची माहिती भरायची आहे, कुठल्या कंपनीबरोबर काय साधलं याचा रकाना आहे. मी भरतेय. तुम्ही असता तर विचारलं असतंत, "काय साधलं?" आणि मी म्हणाले असते, रकान्यात मावेल एवढं. पूर्वी अशा कामानंतर मी घरी जाऊन झोपले की दमणूक जायची. हल्ली जात नाही.

मग लेख पूर्ण केला. रमेशला भेटले, बाकी तिघांनाही. लेखक व्हायचं का, म्हणून मी सरळ विचारलं. रमेश म्हणाला, "मैडम, जो चीज मैं पढ़ नी सकूँ, उस पे दस्तखत कैसे करूँ? आप मुले साब का डालो." तेव्हा मी आभारात चौघांची पूर्ण नावं घातली आणि कुणी काय केलं तेही एकेका वाक्यात लिहिलं. नियतकालिकाला ते लांब वाटेल. वाटू दे. तुम्हाला ते पटलं नसतं, हेही मला माहीत आहे.

तुमचं नाव मात्र मी लेखकांत ठेवलं. दिवंगत लेखकासाठी घरच्यांची संमती लागते, म्हणून परवा पुन्हा तुमच्या घरी आले. वहिनींनी आत बसवलं. मी सगळं सांगितलं, दाण्याचा वास, रविवार, ट्रे. त्या शांतपणे ऐकत होत्या. रविवारी तुम्ही ओव्हरटाइमला जाता असं तुम्ही घरी सांगितलं होतंत, ते मला तिथं कळलं.

"हे छापून काय होतं?" वहिनींनी विचारलं.

"खरं सांगू का वहिनी, फारसं काही नाही. कुणी पुढं हे काम केलं तर त्याला कळेल की हे मुळेंनी केलं होतं."

"पैसे वगैरे?"

"नाही. काहीच नाही."

 मग म्हणाल्या, "ते हो बोलले होते का?"

खोटं बोलणं सोपं होतं. मुलगी दारात उभी होती, तिलाही हेच ऐकायचं होतं. पण तुमच्याशी इतकी वर्षं भांडून शेवटी तुमच्या माघारी जिंकायचं मला जमेना. मी म्हणाले, "नाही. दोनदा नाही म्हणाले. शेवटी म्हणाले, बघू."

वहिनींनी कागद जवळ ओढला. पेन मागितलं.

"मग टाका," त्या म्हणाल्या. "चाळीशीपासून ऐकतेय, बघू, बघू. एक गोष्ट तर मी बघते."

त्यांनी सावकाश, पूर्ण नावानं सही केली, आणि मग मुलीला म्हणाल्या, "मॅडमना चहा दे. गरम असतानाच दे."

लेख आज सकाळी पाठवला. नावांच्या ओळीत तुम्ही मध्ये आहात, सपना तुमच्या आधी, मी शेवटी. तुमच्या एकेका आक्षेपाला उत्तर मी तयार ठेवलं होतं, परवा तुमच्या घरी येताना रस्ताभर घोकलंही होतं. ती सगळी उत्तरं माझ्याजवळ तशीच आहेत.